आरमारातला भाऊ

माझा भाऊ दोनदा मेला. पहिल्यांदा आमच्या अंगणात आणि दुसऱ्यांदा भर समुद्रात. दोन्ही वेळा तो मुंबईत चांगला धडधाकट होता, पण हे आमच्या आबांना कोण सांगणार?

पहिल्या वेळचं आधी सांगते. भाऊ माझ्याहून मोठा, घरातला एकुलता मुलगा. जालन्याला कॉलेजात शिकायला गेला आणि तिथे नाटकाच्या नादी लागला. वडिलांनी, म्हणजे आबांनी, ओळखीपाळखी काढून त्याच्यासाठी एका साखर कारखान्यात कारकुनाची जागा बघितली होती. रुजू व्हायच्या दिवशी हा पठ्ठ्या तिकडे फिरकलाच नाही. नाटकवाल्या मित्रांबरोबर सरळ मुंबईला निघून गेला. आबांनी चार माणसांत शब्द दिलेला. ते घरी आले, चपला न काढता न्हाणीपाशी गेले आणि भरलेली बादली अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावर ओतून घेतली. माणूस गेल्याची खबर आली की आमच्याकडे अशी आंघोळ करतात.

"मेला तो मला," एवढंच म्हणाले.

आई दारात उभी होती. "तुमी करा काय करायचं ते. मी न्हाई आंघोळ करणार. माझं लेकरू जितं हाय," म्हणाली आणि आत जाऊन त्यांच्यासाठी कोरडं धोतर घेऊन आली. बायका अशाच असतात. भांडायचंही आणि धोतरही द्यायचं. मला तेव्हा आईचाच जास्त राग आला होता.

त्या दिवसापासून आबांनी भावाचं नाव घेतलं नाही. त्याची खुशाली माझ्या सासरी यायची, जुन्या जालन्यात. तिथे आमचं कापडाचं दुकान आहे. माहेरी गेले की मी चुलीपाशी बसून आईला सगळं हळू आवाजात सांगायची. आबा बाहेर खाकरायचे आणि शेताकडे निघून जायचे. वर्षं अशीच गेली. आईचं एकच मागणं होतं, या दोघांनी एकदा समोरासमोर बसून जेवावं. बाकी तिला देवाकडे काही मागताना मी ऐकलं नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट असेल. भावाने आमच्या गल्लीतल्या बूथवर फोन करून कळवलं की मराठ्यांच्या आरमारावर टीव्हीची मालिका निघते आहे आणि त्यात त्याला काम मिळालं आहे.

"कसलं काम?" मी विचारलं.

"वल्हं मारायचं."

"अन् बोलायचं काय?"

"वल्हं मारता मारता कोण बोलतं गं?" तो म्हणाला.

मालिका सुरू झाली तेव्हा मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, वाटूरला आले होते. दर रविवारी सकाळी ती लागायची. आमच्या घरी टीव्ही नव्हता. फाट्याजवळ शेठजींचं धान्याचं दुकान आणि मागे घर. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले. पण शेठजी आमच्याइतकेच गावचे. त्यांच्या मधल्या खोलीत टीव्ही होता. लाइट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी जोडायचे, म्हणून गर्दी त्यांच्याकडेच. शेठजींच्या बायकोला आम्ही भाभी म्हणायचो. मी जड अंगाची म्हणून त्या मला भिंतीशी लोड टाकून द्यायच्या. बाकी सगळे खाली फरशीवर.

समुद्र बघितलेलं त्या खोलीत कुणीच नव्हतं. आमचं पाणी म्हणजे विहिरीचं, फार तर तळ्याचं. एवढं पाणी चहूबाजूंनी असून या लोकांना पिण्याचं मोजून मिळतं, हे कळल्यावर बायका फार हळहळल्या. लढाईपेक्षा ते दुःख आम्हाला जास्त कळलं. सगळे मराठे सरदार हिंदीत बोलत होते, त्याचंही कुणाला नवल वाटलं नाही. निजामाच्या राज्यात वाढलेल्या म्हाताऱ्यांना उलट बरंच वाटलं. आरमाराचा प्रमुख उंचापुरा होता आणि त्याच्या मिशा अशा होत्या की तो समोर बघून बोलायला लागला की शेठजींच्या आईचा हात आपोआप डोक्यावरच्या ओढणीकडे जायचा. गोऱ्या कप्तानाला सगळे तोंडभरून शिव्या द्यायचे. भाऊ पुढे सांगायचा, तो गोरा फार गरीब स्वभावाचा, सगळ्यांना स्वतःच्या हाताने चहा पाजायचा. आणि मिशीवाल्या प्रमुखाला होडीत पाय ठेवला की गरगरायचं, म्हणून अर्धं जहाज जमिनीवर बांधलं होतं. चार माणसं बांबू घालून ते हलवायची आणि दोघं बादल्यांनी लाटा मारायची.

हे तेव्हा आम्हाला काय माहीत. आम्ही श्वास रोखून बघायचो.

पण भाऊ दिसेना. म्हणजे तो त्यात होता, पण वल्हं मारणाऱ्यांच्या फक्त उघड्या पाठी दिसायच्या. दोन्ही बाजूंना माणसांची ओळ आणि सगळ्यांच्या पाठी घामाने चमकणाऱ्या. आई पहिल्या रविवारपासून पुढे सरकून बसायची. तिने कडेची एक पाठ धरून ठेवली होती. ती दिसली की माझ्या हाताला चिमटा काढायची. "बघ, वाळलाय की न्हाई? खायला देत न्हाईत वाटतं नीट." मला ती पाठ भावाची वाटत नव्हती, पण आईला सांगायची हिंमत होत नव्हती. एवढ्या वर्षांनी तिच्या हाताला काहीतरी लागलं होतं.

आबाही यायचे. बघायला नाही, असं त्यांचं म्हणणं. बाहेर ओट्यावर शेठजींच्या वडिलांजवळ बसायचे, टीव्हीकडे पाठ करून, आणि सरकी-तुरीच्या भावाच्या गप्पा मारायचे. भाव काय रविवारी सकाळीच विचारायचे असतात? मला तिडीक यायची. एकदा मी मुद्दाम मोठ्याने म्हटलंसुद्धा, "काही लोकांना टीव्हीचं वारं पण सहन होत न्हाई." ओट्यावर तुरीच्या भावाची चर्चा सुरूच राहिली.

असे काही रविवार गेले. एका रविवारी वादळ दाखवत होते. पाठी मागेपुढे झुलत होत्या आणि आईने मला पुन्हा चिमटा काढला, "ह्यो बघ." तेवढ्यात मागून आवाज आला.

"तो न्हाई. त्याच्या म्होरला. डावा खांदा उतरलेला हाय बघ."

आबा दाराच्या चौकटीत उभे होते. कधी उठून आले कुणाला कळलं नाही. आईने मागे वळूनही पाहिलं नाही, ती पुढच्या पाठीकडे बघत राहिली. खरंच, एक खांदा जरा खाली होता. लहानपणी भाऊ बैलगाडीवरून पडला होता आणि हाड बसवणाऱ्याकडे आबांनी त्याला पाठुंगळी घेऊन नेलं होतं. हाड बसलं, पण खांदा तसाच राहिला. मी बहीण, ती आई, आणि आम्हा दोघींना हे आठवलं नव्हतं. दर रविवारी कुणीतरी मान वळवून बघत होतं, हे मला तेव्हा समजलं.

आईने डोळे पुसले. भाभींनी नको असताना पंखा वाढवला. पुढच्या रविवारपासून आबा चौकटीत बसायला लागले. पण घरी गेल्यावर विषय काढला की तेच, उठून शेताकडे. मला वाटलं होतं आता तरी नाव घेतील. घेतलं नाही.

मग ती लढाई आली. पहिल्यांदाच भाऊ वळला. पूर्ण चेहरा! दाढी वाढलेली, कपाळाला फडकं. खोलीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्याच्या तोंडी एक वाक्यही होतं, तोफ भरल्याचं काहीतरी, पण गलक्यात ते ऐकूच आलं नाही. पुढच्या क्षणी गोळा आला. आईने पटकन माझ्या डोळ्यांवर पदर टाकला. गरोदर बाईने असलं बघू नये. पदर जुना, विरलेला होता. मला त्यातून दिसलं. भाऊ छाती धरून मागे गेला आणि पाण्यात पडला. पाण्यावर नुसतं फडकं राहिलं.

आई हमसून रडायला लागली. भाभींनी तिला जवळ घेतलं. "रोना नहीं काकी. असं खोटं मेलं ना, की आयुष्य वाढतं," त्या म्हणाल्या. तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्याने गंमत केली, "चला मंग, आता आंघोळी कराव्या लागतेत सगळ्याईला!" लोक हसले. आणि हसता हसताच सगळ्यांना आठवलं. ती बादली गावात कुणाला माहीत नव्हती? सगळे चौकटीकडे बघायला लागले.

आबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "एका माणसाच्या नावानं दोनदा आंघोळ न्हाई करत," ते म्हणाले आणि उठून गेले.

मी त्यांच्या मागोमाग घरी गेले, ते अंग सांभाळत कशी गेले देव जाणे. अंगणातच बोलले, "आबा, तुमी माणूस हात का दगड? तिकडं आई रडून राह्यली, अन् तुमाला हिशोब सुचून राह्यला आंघोळीचा?" आणखीही बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग खुंटीवरची पिशवी काढली. "जालन्याला जाऊन येतो," म्हणाले.

"रविवारचं कसलं काम?"

"हाय एक," म्हणाले आणि फाट्याकडे चालू लागले. संध्याकाळी परतले, जेवले, झोपले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला मुलगा झाला. बघायला नवरा आला तेव्हा त्याने सांगितलं. त्या रविवारी आबा आमच्या दारात येऊन उभे राहिले होते. पाणी घेतलं नाही, बसले नाहीत. म्हणाले, "जावईबापू, ते खोटं असतं, मला कळतं. पण एक फोन लावून बघता का? बरा हाय का, तेवढंच विचारा." दोघं गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फोनच्या बूथवर गेले. भावाच्या खोलीखाली एक दुकान होतं, तिथे फोन लागला आणि त्याला बोलावून घेतलं. नवऱ्याने रिसीव्हर आबांपुढे धरला, तर ते मागे सरले. काचेला टेकून नुसते ऐकत राहिले. "बरा आहे," असं नवऱ्याने सांगितलं तेव्हा आबांनी टोपी काढून तिनेच तोंड पुसलं. फोन ठेवायच्या आधी नवरा भावाला एवढंच म्हणाला होता, "आबा इथं उभे आहेत."

मी रडले. दगड म्हटलं होतं मी त्यांना. पोटच्या पोराला मेलं म्हणणं त्यांना जमलं होतं, इतकी वर्षं जमलं होतं. पण मरताना बघणं जमलं नाही, खोट्यातलंसुद्धा. असं मला आज वाटतं. तेव्हा एवढं कळत होतं असं नाही. तेव्हा फक्त त्यांच्यासमोर जायची लाज वाटत होती.

बारशाच्या आदल्या सकाळी आबा अंगणातल्या चुलीशी बसले होते. माझ्या आणि बाळाच्या आंघोळीचं पाणी तापवायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. आईला लाकडालासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. तेवढ्यात फाटक वाजलं. भाऊ होता. खांद्यावर पिशवी, दाढी काढलेली, टीव्हीत दिसायचा त्याहून बारीक. आत यावं की नाही या विचारात तो अंगणातच थांबला, अगदी न्हाणीपाशी, जिथे ती बादली ओतली होती तिथे. आई दारात आली आणि तिने चौकट धरली. मी बाळ छातीशी घट्ट धरलं.

आबा उठले. हंड्यातलं कढत पाणी बादलीत काढलं, त्यात गार पाणी घातलं आणि बादली न्हाणीच्या दगडाजवळ आणून ठेवली.

"विसण घातलंय," ते भावाला म्हणाले. "आंघोळ करून घे."

भावाने शर्ट काढला आणि आमच्याकडे पाठ करून दगडावर बसला. तीच पाठ, आता हाताच्या अंतरावर. आबांनी तांब्या भरला. बाळाच्या वेळी करायचे तसं आधी स्वतःच्या मनगटावर थोडं पाणी घेऊन बघितलं, आणि मग त्याच्या उतरलेल्या खांद्यावर हळूच ओतलं.