काळी पडलेली पानं

माझा मामा छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होता. छापून आलेले मोठाले कागद ढिगाने रचायचे, कडा ठोकून सारख्या करायच्या आणि पातं खाली आणायचं, हे त्याचं काम. या कामात पुष्कळांची बोटं जातात. मामा मात्र दोन्ही पंजे पसरून दाखवायचा आणि म्हणायचा, "दहाच्या दहा शाबूत आहेत. हेच माझं प्रमोशन."

त्याचं नुकतंच लग्न झालं होतं, तेव्हा त्या छापखान्यात एका नामांकित फोटोग्राफरचं पुस्तक छपाईला आलं. सगळे काळे-पांढरे फोटो. बरेचसे त्याच्या बायकोचे. खिडकीशी उभी असलेली, जिन्यात बसलेली, दोरीवरचे कपडे काढणारी. छपाईत बिघडलेले कागद गठ्ठे बांधायला मामाच्या खोलीत यायचे, तसे हेही आले. कुठे कोपरा दुमडलेला, कुठे शाईचा डाग, कुठे पान तिरकं. मामाने त्यातला एक गठ्ठ्याभोवती गुंडाळायला घेतला आणि त्याचा हात तसाच राहिला. माझ्या आईला, म्हणजे त्याच्या बहिणीला, तो पुढे कितीदा तरी सांगायचा, "अगं, नुसती खिडकी आणि बाई. आपल्या घरात काय खिडकी नाही, का बाई नाही? पण मी कधी असं बघितलंच नव्हतं."

संध्याकाळी सुपरवायझरला विचारून त्याने ते कागद घरी नेले. पुढे जसे येतील तसे नेत राहिला. पुस्तकाची बांधणी दुसरीकडे झाली, त्यामुळे तयार पुस्तक त्याच्या हाताखालून गेलंच नाही. दुकानात काचेआड दिसलं एकदा. पण सगळी पानं घरात असताना ते विकत घ्यायची त्याला गरज वाटली नाही.

मग त्याने एक जुना कॅमेरा मिळवला. शिकवायला कोणी नव्हतं. तो पानं भिंतीला टाचण्यांनी लावायचा आणि समोर स्टूल टाकून बसायचा. उजेड कुठून येतोय, सावली कुठे पडलीय, बाईचा खांदा किती वळलाय, कॅमेरा कमरेएवढ्या उंचीवर आहे की डोळ्यांच्या, हे सगळं नुसतं बघून ताडायचं. आणि मग मामीला हाक मारायची. पानातल्यासारखी खिडकी नसेल तर शेजाऱ्यांची मागायची. जिना नव्हताच घराला, म्हणून तो मामीला घेऊन दवाखान्याच्या जिन्यात गेला होता. तिथे पेशंट तिला ओलांडून वर-खाली करत होते.

मामी बेकरीच्या काउंटरवर कामाला होती. अंगाने उंच, आवाजाने त्याहून उंच. ती हसली की पाव घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सुटे पैसे विसरून हसायचं. फोटोग्राफरचं नाव तिनेच 'थोरले' पाडलं, आणि त्याच्या बायकोचं 'सवत'.

"अहो, आज सवतीसारखं कुठे उभं राहायचं?" ती ओट्यापाशी हात पुसत विचारायची.

"खिडकीत. मान तिकडे. हलू नकोस."

"नाकावर माशी बसली तर?"

"बसू दे."

"थोरल्यांच्या फोटोत माशी आहे का बघा आधी. नाहीतर उगीच फरक पडायचा."

हे ऐकून आम्ही मुलं लोळायचो. मामा नाही हसायचा. तो श्वास धरून बसलेला असायचा.

रविवारी दुपारी न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लागायची, लाल दिवा पेटायचा आणि घरातल्या कुणालाही हातपाय धुवायला शेजारी जावं लागायचं. मामाने मला एकदा आत घेतलं होतं. डिशमधल्या पाण्यात पांढरा कागद डुलत होता, आणि त्यात आधी पडदा उमटला, मग खिडकीची चौकट, मग मामीचा खांदा. मी तोंड यायची वाट बघत होते. ते आलं नाही. तिथे दाट काळं येत गेलं. मामाने कागद चिमट्याने उचलला, भिंतीवरच्या पानाशेजारी धरला आणि म्हणाला, "बघ, काळं कसं भरलंय! अगदी तस्सं."

ते काळं भरायला त्याने किती खपावं! सुरुवातीचे फोटो त्याला फिके वाटायचे. मामीचे डोळे, गाल, ओठ सगळं दिसायचं त्यांत, आणि पानात तर तसं नव्हतं. मग तो कॅमेऱ्यात उजेड कमी कमी घ्यायला शिकला. इतका कमी, की सावलीत जे असेल ते बुडून जावं. ते फिके फोटो त्याने फाडून टाकले. निगेटिव्हही ठेवल्या नाहीत. शिकाऊ काम कशाला ठेवायचं, असं म्हणायचा.

मामीच्या आईला त्याने एक फोटो हौसेने मोठा करून दिला होता. तिने तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "पडदा छान आलाय हो. माझी मुलगी कुठाय?"

मामी खूप हसली. पण त्यानंतर एकदा तिने मामाला माझ्यादेखत म्हटलं, "मला एकदा हसताना काढा की."

"हसताना चेहरा हलतो."

"हलू दे. मी काय खुर्ची आहे?"

"काढू गं. आधी हे जमू दे."

हे जमायला बरीच वर्षं गेली. त्यांची मुलगी, माझी ताई, शाळा संपवून कॉलेजात गेली. भिंतीवरचं जवळजवळ प्रत्येक पान मामाने आपल्या घरात, आपल्या बायकोला उभं करून पुन्हा काढलं होतं. छापखान्याच्या मॅनेजरने ते फोटो बघितले आणि तो थक्कच झाला. त्याची थोरल्यांशी ओळख होती. त्याने फोन करून वेळ ठरवून दिली.

मामा आणि मामी ठेवणीतले कपडे घालून गेले. त्या दिवशी काय झालं ते मामीने आम्हाला रंगवून सांगितलं होतं. मामाने सांगितलं ते पुष्कळ उशिरा, आणि थोडक्यात.

दार थोरल्यांच्या बायकोने उघडलं. केस पांढरे, अंग सुटलेलं, पण तोच खांदा. मामीच्या तोंडून मोठ्यांदा निघून गेलं, "अगंबाई, सवत!"

मामाला धरणी दुभंगावी असं झालं. बाईंनी विचारलं, "काय म्हणालात?" मामीने सगळं सांगून टाकलं, दवाखान्याच्या जिन्यासकट. त्या बाई दाराला धरून हसल्या आणि मामीला हाताला धरून आत स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

बाहेर थोरले आणि मामा. थोरल्यांनी फोटो एकेक करून टेबलावर मांडले. बराच वेळ बघितले.

"हे माझेच आहेत सगळे," ते म्हणाले.

"हो. तुमच्यावरूनच शिकलो."

"कशावरून शिकलात? पुस्तकावरून?"

मामाने पिशवीतून ती पानं काढली. थोरल्यांनी त्यातलं एक उचलून उजेडात धरलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग त्यांना आठवलं.

"अहो, हे मी नापास केलेले कागद. मशीनवर शाई जास्त पडत होती, सगळं काळंठिक्कर येत होतं. मी स्वतः येऊन छपाई थांबवली होती."

ते उठले आणि त्यांनी कपाटातून आपल्या हातचा प्रिंट आणला. तीच खिडकी, तीच मान वळवलेली बाई. पण सावलीत तिचा गाल होता. पापणी होती. ओठांच्या कोपऱ्यात हसू अडवून धरलेलं होतं. मामाने ते पान गेली कितीतरी वर्षं रोज पाहिलं होतं, आणि ते हसू त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. थोरले म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा. आता मला या बाईंचा चेहरा दाखवा. आत बसून एवढ्या हसतायत त्या. इथे कुठेच नाहीत."

म्हातारा मायेने बोलला होता. मामाला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत बसला.

"चिडलात का?" मामीने विचारलं.

"नाही."

"मग आता मला नीट काढा. सवत म्हणाली, थोरल्यांनी तिचे हसतानाचे ढीगभर फोटो काढलेत. पुस्तकात घातले नाहीत इतकंच."

"काढू. सावकाश."

घरी आल्यावर त्याने भिंतीवरची पानं उतरवली, कॅमेरा टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात टाकला, आणि न्हाणीघर पुन्हा न्हाणीघर झालं. आईने विचारलं तेव्हा म्हणाला, "इतके रविवार घातले, आणि शिकलो काय? छपाईतली चूक." आईने समजावलं, ताईने समजावलं. मामीने तर कॅमेरा खाली काढून त्याच्या पुढ्यात ठेवला होता. तो उठून बाहेर गेला. त्याच्या मनात लाज होती आणि वर राग होता. कुणावर होता, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मामीने मग विषय काढणं सोडलं. पुढे पुढे तो विषयच घरातून गेला.

ताई नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. मामा निवृत्त व्हायला आला होता तेव्हा मामीच्या जबड्यापाशी गाठ आली. ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण चेहरा एका बाजूला ओढला गेला आणि बोलणं अडखळायला लागलं. डॉक्टर ताईला बाजूला घेऊन जे बोलले, ते मामाला न सांगताच कळलं.

एका सकाळी तो बाजारात जाऊन फिल्म घेऊन आला. टॉवेल सोडला, लेन्स पुसली आणि मामीच्या पलंगापाशी येऊन उभा राहिला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"आता होय?" ती म्हणाली. एवढंच बोलायलाही तिला वेळ लागला.

"एक काढतो."

"नको. हे तोंड नका ठेवू."

"मला चालतं गं."

"मला नाही चालत."

मामाने कॅमेरा खाली ठेवला आणि तिच्या पायाशी बसून तो रडला. ताई तेव्हा घरी होती. तिने त्याला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

नंतर काही दिवसांनी मामीनेच त्याला जवळ बोलावलं. "घ्या एक," म्हणाली. "सवतीसारखा. मी मान तिकडे करते. तुमचं ते काळं भरा सगळं, म्हणजे दिसणार नाही."

तिने उशीवर मान वळवली. मामाने सांगितलं नव्हतं तरी खांदा बरोबर हवा तेवढा वळवला. इतक्या वर्षांची सवय. त्याने तो फोटो काढला. हात हलला होता, पण काळ्यात ते कळत नाही.

मामी गेल्यावर ताईला तिचा एक फोटो हवा होता, घरात लावायला. मामाने सगळे प्रिंट जमिनीवर पसरले. आम्ही तिघं भोवती बसलो. खिडकीतली मामी, जिन्यातली मामी, दोरीवरचे कपडे काढणारी मामी. खांदे, हात, वेणी, पाठ. ताई एकेक उचलून खाली ठेवत होती. शेवटी ती म्हणाली, "बाबा, यातली कुठलीही बाई आई असू शकते. किंवा नसूही शकते."

ती रागाने बोलली नव्हती. पण मामा उठला आणि निगेटिव्हचे डबे घेऊन न्हाणीघरात गेला. त्याला वाटत होतं, कागदावर नाही उतरला तरी निगेटिव्हमध्ये चेहरा असेल. थोरल्यांनी त्यांच्या बायकोचा काढून दाखवला तसा काढता येईल. पुढचे कितीतरी दिवस तो तेच करत होता. मी एकदा गेले तेव्हा त्याने मला एक निगेटिव्ह उजेडात धरून दाखवली. चेहऱ्याच्या जागी फिल्म अगदी स्वच्छ, आरपार. "उजेड पोचलाच नाही इथपर्यंत," तो म्हणाला. "मीच पोचू दिला नाही. मग राहील काय?"

त्यानंतर तो नातेवाइकांकडे हिंडला. लग्नाच्या जुन्या अल्बममध्ये मामी नवरीसारखी खाली मान घालून बसलेली. कुणाच्या तरी घरच्या समारंभात कुणाच्या तरी पाठीमागे अर्धी. बेकरीत मात्र एक सापडला. नवी भट्टी बसवली त्या दिवशी मालकाने सगळ्या कामगारांना ओळीने उभं करून काढलेला. कुणीतरी काहीतरी बोललं असावं, कारण सगळी ओळ हसतेय आणि मामी सगळ्यांत जास्त. पण तिने हसताना एप्रनचं टोक तोंडाशी धरलंय. डोळे तेवढे दिसतात, तेही बारीक झालेले. मामाने तेवढाच भाग मोठा करून बघितला, तर नुसते ठिपके ठिपके झाले. म्हणून आता घरात ती अख्खी ओळ लावलेली आहे, भट्टीसकट. नवं माणूस घरी आलं की विचारतं, यातल्या तुमच्या कोण. मामा उठतो, जवळ जातो आणि बोट ठेवून दाखवतो.

परवा ताई आली होती. जेवण झाल्यावर बोलता बोलता ती म्हणाली, आईच्या डाव्या गालाला हसताना खळी पडायची. मी म्हटलं, डाव्या नाही, उजव्या. मला पक्कं आठवतं, काउंटरच्या ज्या बाजूला मी उभी राहायचे, तिकडून दिसायची. ताई म्हणाली, मी तिची मुलगी आहे, मला माहीत नसणार? आमचा आवाज चढला. मग दोघींनी एकदमच मामाकडे बघितलं.

मामाने आधी एक हात आपल्या गालाला लावला, मग दुसरा. समोर ती उभी आहे असं धरून बघत असावा.

"मला उजवी वाटत होती," तो म्हणाला. "पण ताई म्हणतेय तर डावी असेल."

आणि त्याने ताटं उचलायला घेतली.