शिंजीर आणि खालच्या मावशी

‘आला बघ!’

एवढं म्हणून मावशी हातात जे असेल ते त्या दिशेला रोखायच्या. बहुतेक वेळा झारा असायचा, कधी केरसुणी, तर एकदा अर्धवट सोललेला दुधी. मी कॅमेरा डोळ्याला लावून वळेपर्यंत तो येऊन, मध पिऊन निघूनही गेलेला असायचा. माझ्या फोटोत उरायची हलणारी फांदी. हलणाऱ्या फांद्यांचा माझ्याएवढा संग्रह अख्ख्या आखातात कुणाकडे नसेल.

शारजात आम्ही एका जुन्या व्हिलाच्या वरच्या मजल्यावर राहतो. खाली मावशी राहायच्या. नात्यातल्या नव्हेत. आम्ही सामान घेऊन आलो त्या दिवशी त्या जिन्यात पोह्यांचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. बायको म्हणाली, ‘थँक यू, आंटी.’ तर म्हणाल्या, ‘आंटी काय? मी सांगलीची आहे.’ तिथून त्या मावशी झाल्या.

काका जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा दुबई मरीनात एका टॉवरमध्ये राहायचा, त्याच्याच व्हिसावर मावशी इथे होत्या. ‘आई, आता माझ्याकडे ये’ हे तो दर भेटीत म्हणायचा आणि मावशी दर भेटीत म्हणायच्या, ‘इन्शाल्ला.’ या शब्दाचा इतका चांगला उपयोग मी कुणाला करताना पाहिलेलं नाही. तो गेला की आम्हाला सांगायच्या, ‘त्याच्या एवढ्या वरच्या घरी पक्षी येतात ते काचेवर आपटायलाच.’

खाली त्यांची बाग होती. बाग म्हणजे कंपाउंडच्या भिंतीलगतचा वाळूचा पट्टा. तिथे एक जास्वंद, एक डाळिंब आणि पिवळ्या घंटीच्या फुलांचं एक दांडगं झाड. या झाडावर तो यायचा. अंगठ्याएवढा जीव, चोच वाकडी, उन्हात आला की काळ्याचा निळा होणारा. मावशी त्याला शिंजीर म्हणायच्या. जास्वंदीची फुलं त्या सकाळी तोडायच्या नाहीत. ‘आधी त्याचं होऊ दे,’ म्हणायच्या, ‘गणपतीला कुठे ऑफिसला जायचंय?’

ऑफिसला मला जायचं असायचं, दुबईत देराला. रोज सकाळी शारजाहून निघून ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत बसायचं, संध्याकाळी तेच उलट दिशेनं. अशा माणसाला एखादा छंद असावा, असं मला वाटायला लागलं, आणि मी एक कॅमेरा घेतला. सोबत माझ्या हाताएवढी लांब लेन्स. दुकानदार म्हणाला होता, ‘सर, इस में चिड़िया का पलक भी दिखेगा.’ बायकोनं किंमत रुपयांत मोठ्यानं सांगायला सुरुवात केली तेव्हा मी घाईघाईनं मावशींकडे खाली गेलो.

दर शनिवारी सकाळी मी त्यांच्या बागेत ठाण मांडायचो. पहिल्या दिवशी तर मातकट रंगाचा शर्ट घालून, डोक्याला हिरवं फडकं बांधून बसलो होतो. समोरच्या घरचा वॉचमन दोनदा येऊन ‘सब ठीक है?’ विचारून गेला. शिंजीर मात्र माझ्या डोक्यावरच्या फडक्यापासून वीतभर अंतरावरून उडून गेला, म्हणजे सगळ्या परिसरात माझ्या वेषानं फसलेला कुणी नव्हता.

फोटो काढले की घरी दाखवायचो. मुलगी एक नजर टाकून म्हणायची, ‘बाबा, धिस इज अ लीफ.’

‘त्याच्या मागे बघ.’

‘दॅट्स अनदर लीफ.’

बायको काही बोलायची नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत.

मावशींचं तसं नव्हतं. त्यांच्या हातात टॅबलेट दिला की त्या तो चेहऱ्याच्या एका बाजूला धरायच्या, मान जरा तिरकी करायच्या आणि अगदी मनापासून म्हणायच्या, ‘झकास! काय निळा आलाय रे!’ जाणकार लोक चित्र असंच तिरकं बघत असणार, असं मी समजायचो. मग मी त्यांना कुठल्या फोटोत उजेड कसा पकडलाय ते समजावून सांगायचो. त्या ‘हो का’, ‘वा’ म्हणत ऐकायच्या. एकदा मी त्यांना म्हणालोसुद्धा, ‘मावशी, तुमची नजर फार तेज आहे. माझ्याआधी तुम्हालाच दिसतो तो.’ त्या हसल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपलं कौतुक करतात म्हणून आपण त्यांना हुशार समजतो.

त्याच सुमारास माझ्या गाडीला मागून कुणीतरी ठोकलं. इन्शुरन्ससाठी मी बंपरचे फोटो काढले होते. पुढच्या शनिवारी मी मावशींना नवा फोटो दाखवायला गेलो, टॅबलेट त्यांच्या हातात दिला आणि माझ्या बोटानं चुकून पुढचं चित्र सरकलं. मला ते कळलं नाही.

मावशींनी मान तिरकी केली. ‘झकास! आणि चोच बघ कशी आलीय!’

मी आनंदानं वाकून पाहिलं. पांढऱ्या गाडीचा चेपलेला बंपर होता.

मला वाटलं, मावशी माझी चेष्टा करताहेत. मी मोठ्यानं हसलो. ‘मावशी, हा माझ्या गाडीचा बंपर आहे!’

त्या हसल्या नाहीत. टॅबलेट त्यांनी हळूच मांडीवर पालथा ठेवला. म्हणाल्या, ‘मग बंपर झकास आलाय.’

त्यांना दोन्ही डोळ्यांनी मधोमधचं काही दिसत नव्हतं. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. ‘आता तू माझ्यासमोर बसलायस ना,’ त्या म्हणाल्या, ‘तुझ्या तोंडाच्या जागी एक राखाडी ठिगळ आहे. कान दिसतात. कान चांगले आहेत तुझे.’

‘आणि शिंजीर? तो तर माझ्याआधी तुम्हाला...’

‘अरे, तो येताना चिविट चिविट ओरडत येतो. तू त्या कॅमेऱ्याशी बोलत असतोस, तुला कुठलं ऐकू येणार?’

हे खरं होतं. फोकस लागत नसला की मी कॅमेऱ्याला वाटेल ते बोलतो.

‘मग ते सगळे फोटो?’ मी विचारलं. खरं तर त्या वेळी मी डोळ्यांबद्दल विचारायला हवं होतं. पण माणूस स्वतःच्या कलेबद्दल आधी विचारतो.

‘तू किती खुशीत यायचास! फोटो कसा आलाय ते तुझ्या आवाजावरून कळायचं. नेहमी चांगलाच आलेला असायचा.’

म्हणजे या वाळवंटात माझ्या फोटोंचा जो एकच चाहता होता, त्यानं त्यातला एकही फोटो पाहिलेला नव्हता. मावशींनी माझा हात धरला. ‘मुलाला सांगू नकोस. कळलं की उचलून नेईल मला वर.’

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘त्याला सांगायला हवं. त्या गॅसपाशी एकट्या असतात.’ मी म्हणालो, ‘शब्द दिलाय.’ ती म्हणाली, ‘मग मी दिलेला नाही.’ पण तीही सांगू शकली नाही. त्याऐवजी ती रोज दोन-तीनदा काहीतरी मागायच्या निमित्तानं खाली जाऊ लागली. आमच्या घरातली साखर त्या महिन्यात सतत संपलेली असायची.

शेवटी मुलाला कळलं ते चहामुळे. तो शुक्रवारी आला होता, मावशींनी त्याच्यासमोर कप ठेवला आणि चहा कपाच्या शेजारी ओतला. त्याच्या पांढऱ्या शर्टावर उडाला तरी त्या ओतत होत्या. त्यानं आईच्या हातातून किटली काढून घेतली, टेबल पुसलं आणि मग माझ्याकडे वर येऊन जिन्यात बसून रडला. चांगला मोठा मॅनेजर माणूस. मी त्याला टिशूचा डबा आणून दिला. दुसरं काय करावं मला सुचलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं परत येणार नाही. उरलेलं टिकावं म्हणून इंजेक्शनं घेत राहायची. मुलानं खोली तयार केली, स्वयंपाकाला बाई ठरवली. मावशींनी या वेळी ‘इन्शाल्ला’ म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, ‘मी सांगलीला जाते, धाकट्या बहिणीकडे.’

‘आई, माझ्याकडे काय कमी आहे?’

‘काही कमी नाही रे. पण तुझ्या घरी मला काही ऐकू येत नाही. एसी तेवढा ऐकू येतो. धाकटीचं घर मला डोळे मिटून माहीत आहे. दार कुठे, पायरी कुठे, आड कुठे, सगळं. आता मला तसलंच घर हवं.’

‘खलास,’ मुलगा अरबांसारखं म्हणाला, म्हणजे विषय संपला. ‘तिकीट काढतो.’ आणि उठून गॅलरीत गेला.

जाण्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी मावशींनी मला हाक मारली. ‘कॅमेरा घेऊन ये. आणि आज माझं एक काम कर. मला तो कसा दिसतो ते नीट सांग. मी विसरायला लागलेय.’

मी सगळा सरंजाम घेऊन उतरलो. स्टँड लावला, लेन्स चढवली, बटण दाबलं. काही झालं नाही. बॅटरी वर चार्जरलाच राहिली होती. आणायला जाणार तेवढ्यात मावशी म्हणाल्या, ‘आला बघ,’ आणि या वेळी त्यांनी काही रोखलं नाही, नुसती हनुवटी वर केली.

तो पिवळ्या घंटीच्या झाडावर उतरला होता, आमच्यापासून हातभर अंतरावर.

‘सांग.’

‘निळा आहे,’ मी म्हणालो.

‘ते मलाही माहीत आहे. कसला निळा?’

मी ढिगानं फोटो काढले होते या पक्ष्याचे, आणि मला सांगता येईना. ‘म्हणजे... काळाच आहे. मान वळवली की निळा होतो. आता जांभळा झाला. पाठीवर हिरवट झाक आहे, मोरपिसासारखी.’

‘शाईसारखा?’

‘शाई सांडून वाळली की कडेला चमकते ना, तसा.’

मावशींनी डोळे मिटले. ‘हं. चोच?’

‘सुईएवढी बारीक, खाली वाकलेली. पण तो फुलाच्या तोंडातून जातच नाहीये, मावशी. देठापाशी भोक पाडतोय आणि तिथून पितोय.’

‘चोर आहे लेकाचा. मग?’

‘छातीवर एक तांबडी रेघ आहे, गळ्यात काहीतरी बांधल्यासारखी. आता मादी आली. ती मळकट पिवळी आहे, साधीच. तो तिच्यापुढे छाती काढून बसलाय. पंख उचलले त्यानं... मावशी! त्याच्या काखेत नारिंगी पिसं आहेत!’

‘काखेत?’

‘काखेत! एरवी झाकलेली असतात. पंख उचलले की दोन्हीकडून झुबक्यासारखी बाहेर येतात. पिवळी, नारिंगी, अगदी झेंडूसारखी.’

मावशी हसायला लागल्या. आधी हळू, मग पदर तोंडाला लावून. ‘काखेत झेंडू! अरे, इतकी वर्षं तो माझ्या खिडकीपुढे नाचतोय. डोळे धड होते तेव्हासुद्धा मला हे कधी दिसलं नाही.’

त्या किती वेळ हसत होत्या! डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसून पुन्हा हसत होत्या. तो आणि ती उडून गेले तरी त्या तशाच बसल्या होत्या. मी बॅटरी आणायला गेलो नाही. माझ्या हातून त्यांना आजवर एकच चांगला फोटो मिळाला, आणि त्या वेळी माझा कॅमेरा बंद होता.

बुधवारी त्या गेल्या. एअरपोर्टला मुलगाच घेऊन गेला, तिथून विमानात सोबतही तोच. खाली नवीन कुटुंब आलं. भली माणसं आहेत. त्यांनी मुलांना खेळायला वाळूवर प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलं, आणि त्यासाठी ती तिन्ही झाडं काढावी लागली. मी वरच्या गॅलरीत एक जास्वंद लावली. तिला आमच्या पत्र्याच्या सावलीत एकही फूल आलं नाही. कॅमेरा आता कपाटात असतो. मुलगी तो शाळेच्या प्रोजेक्टसाठी नेते आणि त्यातून स्पष्ट, नेटके फोटो काढून आणते, याची मी घरात चर्चा होऊ देत नाही.

मावशींचा फोन शनिवारी येतो. पहिल्यांदा आला तेव्हा त्यांनी विचारलं, ‘आला होता का रे आज?’

मी गॅलरीत उभा होतो. खाली ते प्लास्टिकचं गवत होतं. ‘हो’ म्हणायचं मी ठरवलं होतं. रंग, चोच, मादी, सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. ‘हो,’ मी म्हणालो, ‘आत्ताच...’

‘तुझ्यामागे तर काहीच ओरडत नाहीये,’ मावशी म्हणाल्या.

मग मी त्यांना झाडांचं सांगितलं. बायकोनं आतून खुणेनंच ‘काय झालं?’ असं विचारलं.

‘थांब,’ मावशी म्हणाल्या. ‘ठेवू नकोस.’

चपलांचा आवाज आला. कडी सरकली. कुणीतरी विचारलं, ‘अक्का, कुठे निघालीस?’ आणि मावशी म्हणाल्या, ‘इथेच, डाळिंबापाशी.’ त्यांनी फोन पुढे धरला असावा, कारण त्यांचा श्वास ऐकू येईनासा झाला. मग एकदम, अगदी कानाशी, चिविट, चिविट, चिविट.

मी शारजात गॅलरीच्या कठड्याला टेकून, फोन कानाला घट्ट दाबून उभा राहिलो. कठड्यावर ठेवलेला माझा चहा निवला. मावशी बराच वेळ फोनवर परत आल्या नाहीत, आणि मीही हाक मारली नाही.