ग्दान्स्क नावाचा गड

पोलंडमधल्या एका सपाट बंदरावर माझे बाबा ट्रेकिंगला निघाले होते, आणि याला जबाबदार मीच आहे.

आमच्या घराण्यात युनिव्हर्सिटीची पायरी चढलेली मी पहिलीच. टुरिझमच्या एका विषयात आधीच एकदा गटांगळी खाल्ली होती. या वेळी गेला तर कोर्समधून नारळ! असाइनमेंट होती: घरातल्या कुणाला तरी ग्राहक मानून ग्दान्स्क या जुन्या बंदराची सहल आखा आणि ऑनलाइन सादर करा. ग्राहकासकट!

"कुठलं गाव म्हणालीस?" पेंडल हिल या उपनगरातल्या आमच्या किचनमध्ये बाबांनी विचारलं.

"ग्दान्स्क."

"गड?" बाबांचा चहा हातातच राहिला. "पोलंडमध्येही गड आहेत?"

पुण्यात दर रविवारी गडावर जाणारा हा माणूस इथे परदेशात गोडाउनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. मी अभ्यास करताना त्यांनी आजवर एकच प्रश्न विचारला होता: "जेवलीस का?" आता पहिल्यांदाच अभ्यासाबद्दल विचारत होते, आणि डोळे असे चमकत होते की मला 'नाही' म्हणवेना.

"हो, म्हणजे... तसाच काहीसा."

(तसाच! समुद्रसपाटीवर!)

दुसऱ्या दिवसापासून बाबा ट्रेकिंगचे बूट घालून स्टेशनचे जिने चढू-उतरू लागले.

आईने विचारलं, "वर पाण्याचं टाकं आहे का गं?"

धाकटा ओजस म्हणाला, "डॅड, इट्स लिटरली फ्लॅट!"

"पठार असेल," बाबा म्हणाले.

मग मीही पेटले. चढायला काहीतरी हवं म्हणून मोठ्या चर्चचा मनोरा घेतला. पहिल्या सकाळी मनोरा. दुसऱ्या सकाळी तोच मनोरा, 'वेगळ्या उजेडात'. चौकातलं कारंजं, अंबरच्या दागिन्यांची दुकानं, नदीकाठची जुनी लाकडी क्रेन, सगळं कापलं. त्यात चढ कुठे होता!

सादरीकरणाला बाबा टोपी घालून, हातात काठी घेऊन लॅपटॉपसमोर बसले. ट्यूटर बाईंनी दोन्ही मनोरे शांतपणे ऐकून घेतले आणि बाबांना विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

"फोर्कलिफ्ट चालवतो."

"अरे वा! मग तिथली जुनी क्रेन तुम्हाला फारच आवडेल. शेकडो वर्षांपूर्वी माणसं तिच्या भल्यामोठ्या चाकात चालायची आणि जहाजांचा माल उचलला जायचा."

बाबा सावकाश माझ्याकडे वळले. "चाकात चालून माल उचलायची? आणि हे तू मला सांगितलं नाहीस?"

"बाबा, त्यात... चढ नव्हता."

"अगं कार्टे, मी दिवसभर मालच उचलतो!"

माइक चालूच होता.

निकाल लागला. नापास! खाली बाईंचा शेरा: 'विषयाचं नाव पुन्हा एकदा वाचावं.' वाचलं. 'आपला ग्राहक ओळखा.'

मी लॅपटॉप मिटून डोकं धरून बसले. एवढ्यात ग्राहक दारात येऊन उभा राहिला.

"जेवलीस का?"

(या एकाच प्रश्नाचं उत्तर मला हमखास बरोबर येतं.)