आप्पांनी मागितलेली पोच

इथे परदेशात, स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठाच्या लॅबमध्ये आज मी अल्जेरियातल्या अद्रार प्रांताचा नकाशा दुरुस्त करत होते. तिथे प्रांताला विलाया म्हणतात. त्यात आपल्या तालुक्यांसारखे दायरे असतात आणि दायऱ्यात ग्रामपंचायतीसारखे कम्यून. उत्तरेकडचा तिमिमूनचा भाग आता स्वतंत्र विलाया झाला आहे, म्हणून वाळवंटातली ती गावं मी एकेक करून नव्या रंगात टाकत होते. तेव्हा बारावीनंतरची ती तहसील कचेरी आठवली, शाईच्या पॅडच्या वासासकट.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. प्रवेशासाठी रहिवासाचा दाखला हवा होता आणि मुदतीचा शेवटचा दिवस होता. वडील, म्हणजे आप्पा, बरोबर होते.

"तुमचं गाव नव्या तालुक्यात गेलं. तिकडं जा," कारकून म्हणाला.

"गाव कुठं गेलं, सायेब? सकाळी तिथनंच तर आलो."

रांगेतले सगळे हसले.

"अहो, कागदावर गेलं!"

"बरं, मग अर्ज तुमीच तिकडं धाडा. आन् पोच तेवढी द्या. पोरीनं कॉलेजात काय दाखवायचं?"

तीनदा मागितल्यावर त्याने वैतागून शिक्का मारला. त्या पोचेवरच कॉलेजने मला प्रवेश दिला.

आज हे आठवून रडू वगैरे आलं नाही. खरं तर काहीच वाटलं नाही, आणि ते बरोबर आहे का, मला माहीत नाही. आप्पा तिसऱ्यांदा पोच मागत होते, तेव्हा मी लांब नोटीस बोर्डापाशी जाऊन उभी राहिले होते, आम्ही एकत्र आलोय हे कुणाला कळू नये म्हणून.