फ्रीजरमधले बाबा

आमच्या घरात हार्ड डिस्क आणि झिंगे एकाच फ्रीजरमध्ये राहिले, आणि त्यातले झिंगेच चांगले टिकले.

चामोर्शीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. एवढ्या भांडवलावर घरचे मला कम्प्युटर इंजिनीअर समजतात. (पंखा बंद पडला तरी मलाच हाक!) बाबा मात्र तळ्यातले मासे धरायचे आणि आठवडी बाजारात विकायचे. टोपली खाली ठेवली की कानावर हात ठेवून ओरडायचे, "याऽऽ हो बाप्पा याऽऽ! मरळ जिती हायेऽऽ!" भाजीच्या रांगेतली माणसं पिशव्या घेऊन वळायची. ते ओरडणं मी एकदा मोबाइलवर घेतलं होतं. मग मोबाइलचा काय भरवसा, म्हणून हार्ड डिस्कवर टाकलं आणि मोबाइलवरून पुसून टाकलं. अक्कल म्हणतात ती हीच!

बाबांना जाऊन वर्ष होत आलं; टोपली आता माय सांभाळते. बाजाराच्या आदल्या दिवशी माय म्हणाली, "एकडाव त्याईचा आवाज आयकव न गा मले. आताशा कानात येतच नाई."

मी ऐटीत डिस्क लावली. टक्. टक्. टक्. पडद्यावर काहीच नाही. वायर बदलली, दुसऱ्या कम्प्युटरला लावली, हळूच थापटली, मग जरा जोरात थापटली. टक्. टक्.

माय कान देऊन बसली होती. "आतून कोण ठोकून राह्यलं गा?"

"गरम होऊन राह्यली ते. उद्या आयकवतो," मी म्हणालो. जगात बाबांचा आवाज तेवढाच उरला होता, आणि तो माझ्या हातात टकटक करत होता.

माय तळ्यावर गेल्यावर बायकोनं मोबाइलमध्ये डोकं घालून उपाय शोधला. "फ्रीजरमधी ठेवा म्हणते. थंडी झाली का चालते कधी कधी."

"कधी कधी म्हणजे?"

"ते नाई लिहिलं!"

घरात सापडली ती काळी प्लास्टिकची पन्नी घेतली, डिस्क गुंडाळली, वायर शोधायला नको म्हणून तीही आत कोंबली, आणि फ्रीजरमध्ये ठेवून दिली. फ्रीजरमध्ये मायचे उरलेले झिंगेही काळ्याच पन्न्यांत असतात, हे मला रोज दिसतं. त्या दिवशी दिसलं नाही.

सकाळी फ्रीजर उघडला तर आत नुसता बर्फ! माय सगळ्या पन्न्या टोपलीत भरून केव्हाच बाजारात गेली होती.

मी बनियनवरच पळालो. माय टोपलीमागे बसली होती. "माय, काळ्या पन्नीतलं चापट... जडसर..."

"ते झिंगे? देल्ले न एका मास्तरले. पावभराच्या वरच भरले, म्हटलं जाऊ दे, नेहमीचे गिऱ्हाईक हायेत."

"माय, त्याच्यात झिंगे नव्हते. बाबांचा आवाज होता."

मायच्या हातातला तराजू खाली आला. "म्हणजे माह्या हातानं इकलं मी त्याईले?"

तिचा चेहरा मला बघवेना. मी रस्त्यावर उभं राहून ओरडलो, "ओ मास्तर! ओ झिंगेवाले मास्तर!" बाजारात एक माणूस वळेल तर शपथ. शेजारी सुकी मासोळी विकणारी सखूबाई वैतागली, "बकरीवानी काय मेमावून राह्यला? बापासारखा बोंबल न!"

मग मी कानावर हात ठेवला, डोळे मिटले आणि पोटातून ओरडलो, "याऽऽ हो बाप्पा याऽऽ! मरळ जिती हायेऽऽ!"

डोळे उघडले तर पाच-सहा माणसं पिशव्या घेऊन समोर! "दाखव मरळ," म्हणाली. (मरळ आमच्याकडे नव्हतीच.) त्यांच्या मागून मास्तर लगबगीनं आले. "मले वाटलं तुहे बाबाच आले का काय! आनि बाई, तुमच्या झिंग्यातून वायर निघून राह्यली!"

डिस्क घेऊन मी आणि माय तसेच दुकानात गेलो. पुसली, वाळवली, लावली. आता टक्‌सुद्धा नाही. पुन्हा लावली. काहीच नाही. खुर्चीत बसून मी रडलो, लहान पोरासारखा रडलो. गिऱ्हाईक आधार कार्ड धरून दारातच उभं राहिलं.

मायनं डिस्क काढून पदरात गुंडाळली. "राहू दे बा. थकले असन ते." मग म्हणाली, "मंघाशी तू बोंबलला न, तं मी खरंच वळून पाह्यलं. पुन्हा म्हण."

मी म्हटलं. आवाज मधेच फुटला. माय डोळे मिटून ऐकत होती, आणि मी थांबलो तरी तिनं ते उघडले नाहीत.

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी झेरॉक्स बंद. मी टोपलीजवळ उभा राहून ओरडतो, आणि माय शेजारी बसून चुका काढते. परवा उन्हातून आलो, घसा कोरडा पडलेला, म्हणून फ्रीजमधली बाटली तोंडाला लावली. मायनं धावत येऊन हिसकावून घेतली.

"नोको पिऊ थंडं! एक आवाज फ्रीजमधी ठेवून बिघडवलाच न तूनं?"