बाकाखालची साखर

आमच्या सार्वजनिक बागेत माळीकाकांनी सव्वीस वर्षं कीटकनाशक फवारलं. गेल्या वर्षी बागेत फवारणीला बंदी आली आणि त्यांनी पाठीवरचा पंप कार्यालयात जमा केला. रिकाम्या हातांनी बाकावर बसले, तेव्हा प्रथमच त्यांच्या लक्षात आलं, की एवढ्या बागेत एकही मुंगी नाही.

मग रोज सकाळी ते बाकाखाली चिमूटभर साखर ठेवू लागले. संध्याकाळी ती जशीच्या तशी असायची.

"मुंग्यांची एवढी सरबराई, आणि नातीला मात्र गवतावर पाऊल ठेवू देत नाही," काकू टोमणा मारायच्या.

"मुंग्या आल्या की तीही खेळेल," काका म्हणायचे.

आठव्या महिन्यात मुंग्या आल्या. काकांनी लगोलग नातीला आणलं. ती गवतात बसली आणि मुंग्या खुशाल तिच्या बोटांवरून गेल्या. काकांनी शेजारी आपला हात टेकवला. रांग थांबली आणि हातापासून वीतभर लांबून वळसा घालून गेली. काकांनी नळावर साबणाने तीनदा हात धुऊन पुन्हा टेकवला. पुन्हा तेवढाच वळसा.

"आजोबा, कडेवर घ्या ना," नात म्हणाली.

काकांनी दोन्ही हात पाठीमागे धरले. "आज चालत जाऊ, बाळा."