माझ्या हातातला खडू

सात आठे चोपन्न.

असं मी फळ्यावर लिहिलं. सातवी ब, गणिताचा तास. वर्गाच्या मागे दोन खुर्च्या टाकलेल्या. एकीत आमच्या मुख्याध्यापिका मॅडम, दुसरीत संस्थेचे सेक्रेटरी साहेब. पाठ निरीक्षण चालू. आणि पुढे मी, पन्नाशीकडे निघालेला गणिताचा मास्तर, कोथिंबिरीच्या वाफ्याचं क्षेत्रफळ काढून दाखवतोय. लांबी आठ मीटर, रुंदी सात मीटर. चोपन्न चौरस मीटर. उत्तराखाली दोन रेघा मारल्या. ती माझी सवय. चुकायचं तर ठळक चुकायचं.

चूक तशी माझ्या जातकुळीतलीच. मी चहात मीठ घातलंय. दुसऱ्याच्या स्कूटरला आपली चावी लावून, लागत नाही म्हणून त्या स्कूटरला लाथ घातलीय. घरात यावर हसतात, मीही हसतो.

त्या दिवशी वर्गात कुणी हसलं नाही. सगळा वर्ग गप्प.

सेक्रेटरी साहेब उठले. बाकांच्या मधून चालत पुढे आले. मला वाटलं, निघाले. मी अदबीनं बाजूला झालो, वाट दिली. त्यांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला. मागितला नाही. काढून घेतला. रांगत्या मुलाच्या मुठीतून कात्री काढतात तसा.

"आश्रमशाळेची गणितं इथं चालत नाहीत, सर. बसा."

मी टेबलाजवळच्या खुर्चीकडे वळलो.

"खुर्चीत नाही. तिथं. पोरांत बसा."

बसलो.

हो, बसलो मी. तिसऱ्या बाकावर, वैष्णवी नावाच्या मुलीशेजारी. गुडघे आत जाईनात. पोट डेस्कला अडकलं. मग मात्र पोरं हसली. पोरांना दोष नाही. एवढा मोठा माणूस एवढ्याशा बाकात कोंबलेला पाहून मीही हसलो असतो, तो माणूस मी नसतो तर.

साहेबांनी मोबाईल काढून फळ्याचा फोटो घेतला. मग चोपन्न पुसून छप्पन लिहिलं.

"किती?"

"छप्पन!"

"कळलं?"

"हो सर!"

"कळलं ना?"

"हो सऽऽर!"

झालं शिकवून. खडू टेबलावर टाकला, हात झटकले, तास संपायच्या आधी बाहेर. मॅडम मागोमाग. मॅडम जाताना माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांना जमिनीवर काहीतरी सापडलं होतं.

मी अजून बाकातच. बाहेर निघता येईना हे एक, आणि दुसरं म्हणजे मला काहीतरी दिसलं. खरं तर दिसत नव्हतं. तिसऱ्या बाकावरून फळ्याचा डावा अर्धा भाग दिसतच नव्हता. खिडकीतून ऊन सरळ फळ्यावर पडत होतं, सगळं पांढरं फक्क. वैष्णवी शेजारच्या रांगेतल्या वहीत मान वाकवून बघत होती आणि तिथून उतरवून घेत होती. मी तिला या सवयीबद्दल दोनदा रागावलो होतो.

ती हळूच म्हणाली, "सर, छप्पन येतं."

"तुला कळलं होतं?"

"हो. सगळ्यांना कळलं व्हतं."

"मग बोलली का नाहीस? एरवी तर ओरडता."

एरवी खरंच ओरडतात. मी चुकलो की आमच्या वर्गात सण असतो. 'सर, चुकलं' म्हणून आधी कोण ओरडतं याची शर्यत लागते, आणि जिंकणाऱ्याला पुढे येऊन ते गणित सोडवायला मिळतं. आमचा वर्ग असाच शिकतो.

वैष्णवी म्हणाली, "ते मागं बसले व्हते ना सर. तुम्हाला बोलले असते."

तिची आई फूलबाजारात हार ओवते. पहाटे तीही आईच्या बरोबर असते. साहेब माणूस बोलतो म्हणजे काय होतं, हे तिला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. तिनं माझी लाज राखायचा प्रयत्न केला. ती आणि सगळा वर्ग. मुद्दाम मुके झाले. आणि त्या मुक्या वर्गाकडे बघून त्या दोन खुर्च्यांनी ठरवलं, या मास्तरला शिकवता येतं की नाही.

मी उठलो. कसाबसा निघालो बाकातून. फळ्यासमोर उभा राहिलो.

"मी चुकलो होतो. छप्पनच. आणि तुम्ही मला सांगायला हवं होतं, मागे कुणीही बसलेलं असो."

पोरं म्हणाली, "हो सर." तेच 'हो सर'. साहेबांना दिलेलं.

आता खरं सांगतो. साहेबांचा राग चोपन्नवर नव्हताच. आदल्या दिवशी मॅडमनी सगळ्या शिक्षकांना बोलावून सांगितलं होतं, "पोरांना उजवा-डावा सांगून ठेवा." म्हणजे प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. ज्याला येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. शिक्षक फक्त उजव्या हातांना उठवतो. मागे बसलेल्या पाहुण्याला दिसतं, अख्खा वर्ग हुशार.

मी पोरांना हे सांगितलं नाही.

कारण मी स्वतः डावा हात आहे. सुरगाण्याच्या डोंगरातलं आमचं घर. आईबाप द्राक्षाच्या बागांत कामाला खाली उतरायचे, मी आश्रमशाळेत. तपासणीला साहेब यायचे तेव्हा आम्हांलाही हेच शिकवलेलं. एकदा मी डावा हात वर केला, आणि साहेबानं गुरुजींना न विचारता मलाच उठवलं. मला उत्तर येत नव्हतं. साहेब गुरुजींना म्हणाला, "हे डोंगरातलं पोर. याला काय विचारतो मीपण." आणि हसला. गुरुजीही हसले. रात्री गुरुजींनी मला मारलं, तेव्हा ते हसत नव्हते.

तर सातवी ब मध्ये मी क्षेत्रफळ कसं काढायचं ते विचारलं आणि चार हात वर आले. खरे चार. साहेबांनी मॅडमकडे बघितलं. "चारच?" असं म्हणाले, ते पुढे माझ्यापर्यंत ऐकू आलं. मी घाईघाईनं फळ्याकडे वळलो, आणि मग ते चोपन्न.

चार हात म्हणजे बाकीच्यांना अजून समजलेलं नाही. हे बघायलाच तर निरीक्षण असतं ना? डॉक्टर नाडी बघायला येतो, तेव्हा पेशंटनं पळून दाखवायचं असतं का?

आमचे आधीचे मुख्याध्यापक, आता निवृत्त झालेत, तेही वर्गात येऊन बसायचे. कागद नाही, पेन नाही. मागच्या पोरांच्या रांगेत बसायचे, त्यांच्या वह्या चाळायचे. पोरं त्यांना विसरून जायची. तास संपला की मला चहाला न्यायचे, दोघंच. एकदा त्यांनी एवढंच विचारलं, "सर, भिंतीकडचा तो काळा शर्टवाला, तो आज काय शिकला?" मला सांगता येईना. चिडलो मी. यांना काय कळतं गणितातलं, असं घरी येऊन बडबडलो. पण दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक तासाला भिंतीकडे बघायला लागलो. त्या माणसानं मला एका प्रश्नानं मास्तर केलं. कुणाला कळूही दिलं नाही.

आणि हे. माझा खडू काढून घेणारे.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत गेलो. सगळ्यांच्या हातात मोबाईल. शाळेच्या ग्रुपवर माझं चोपन्न. खाली साहेबांनी लिहिलेलं, "आपले गणिताचे तज्ज्ञ." पुढे जोडलेले दोन हात. आणि त्याखाली माझ्याच सहकाऱ्यांचे अंगठे. ज्यांच्या डब्यातली भाजी मी खातो आणि माझ्या डब्यातली नागलीची भाकरी जे 'पौष्टिक हं' म्हणून तोडून नेतात, त्यांचे अंगठे.

जाधव सर जवळ आले. "मनावर घेऊ नका हो. नाही टाकला अंगठा तर आमच्यावर येतं."

"टाकलात का?"

"टाकला," जाधव सर म्हणाले.

शाळा सुटल्यावर बैठक. साहेब टेबलाच्या टोकाला. बाकीच्यांचं निरीक्षण चांगलं झालं होतं, कारण त्यांच्या वर्गात हात भरपूर होते. माझी पाळी आली.

"नेमणुका आमच्या हातात नसतात," साहेब सगळ्यांना म्हणाले, "वरून नाव येतं, घ्यावं लागतं. पण म्हणून पोरांचं नुकसान नाही चालणार." मग माझ्याकडे वळले. "सोमवारी परिपाठाला माईकवर सांगायचं, मी चुकीचं शिकवलं, माफ करा. अख्ख्या शाळेसमोर. नाहीतर सातवीचं गणित जाधव सर घेतील. तुम्ही खिचडीचं कोठार बघा. तांदूळ-नागलीतलं तुम्हाला चांगलं कळतं."

हसले. सगळे नाही. पण हसले.

खिचडी शिजवणं हलकं काम नाही. आमच्या शाळेत दोन बाया ते करतात, आणि कित्येक पोरं त्या खिचडीसाठीच शाळेत येतात. पण ते काम शिक्षा म्हणून द्यायचं, म्हणजे माझा अपमान आणि त्या बायांचाही. एका दगडात दोघं.

मी उभा राहिलो. सिनेमात उभे राहतात तसा नाही. गुडघा टेबलाला आपटला आणि जाधव सरांचा चहा त्यांच्या मांडीवर सांडला. ते "अहो, अहो" करत उठले. त्या गडबडीत मी बोलायला लागलो. आवाज चिरकत होता. चिरकू दे.

"माफी मागून झालीय. ज्यांची मागायची त्यांची, सातवी ब ची. माईकवर मागणार नाही."

"सर, बसा."

"नाही बसत. एकदा बसवलंत ना मला, पुरे."

मी टेबलाची कड धरून उभाच राहिलो.

"साहेब, तुम्ही तास संपेपर्यंतही बसला नाहीत. एका पोराची वही उघडली नाहीत. मी बाकावर होतो, तिथून फळा दिसत नाही. ऊन येतं. पडदा लावायला पाहिजे. हे तुमच्या निरीक्षणात आहे का? चार हात वर आले, ते खरे होते. बाकीच्यांच्या वर्गातले किती खरे, विचारा मॅडमना."

मॅडमनी समोरची फाईल उघडली.

"माझ्या वर्गात या. रोज या. पण मागे पोरांत बसा आणि शेवटपर्यंत बसा. पोरांसमोर मला बोलायचं नाही. फोटो काढायचा नाही. चुकलं असेल ते तास संपल्यावर मला सांगा, मी सुधारीन. आणि माझ्या हातातला खडू घ्यायचा नाही."

"तुम्हाला कळतंय का कुणाशी बोलताय?"

"हो. म्हणून तर एवढी वर्षं बोललो नाही."

बाहेर पडलो. गेटजवळ कळलं की मी जाधव सरांची छत्री उचलून आणलीय. परत द्यायला गेलो नाही. एवढं शौर्य शिल्लक नव्हतं.

सोमवारी परिपाठ झाला. माईक मोकळा होता. मी रांगेत उभा राहिलो, राष्ट्रगीत म्हटलं. मग मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं आणि कोठाराची किल्ली पुढे केली.

"घ्या सर. थोडे दिवस. साहेब शांत झाले की मी बघते. माझाही विचार करा."

मला त्यांची दया आली. त्यांनाही कुणीतरी कुठल्या तरी बाकात बसवलेलं असणार. पण दया आली म्हणून किल्ली घ्यायची नसते.

"मॅडम, मला वर्गातून काढायचं असेल तर लेखी द्या. कारण लिहा. तोपर्यंत माझा तास आहे."

किल्ली त्यांच्या हातात तशीच राहिली. मी सातवी ब मध्ये गेलो. घरून जुनी चादर आणली होती, ती खिडकीला बांधली. ती एका बाजूनं लोंबत होती, मला गाठी नीट मारता येत नाहीत. फळा दिसायला लागला. मी मागच्या बाकांवर एकेक करून बसून बघितलं. पोरं हसली. हसू दिलं.

चार दिवसांनी नोटीस आली. वरिष्ठांशी उद्धट वर्तन, शिस्तभंग, खुलासा करावा. मी खुलासा केला. जे घडलं ते लिहिलं, माझ्या चोपन्नसकट. अजून उत्तर नाही. पगारवाढ थांबेल, असं जाधव सर सांगतात. त्याहून वाईटही होईल, असंही सांगतात, आणि हळू आवाजात सांगतात.

होऊ दे. मी सातवी ब सोडणार नाही. उजवा-डावा शिकवणार नाही, कुणीही मागे येऊन बसो. आणि माझ्यासमोर कुठल्याही मास्तरच्या, कुठल्याही पोराच्या हातातला खडू कुणी काढून घेतला, तर मी गप्प राहणार नाही. गुडघा आपटला तरी उभा राहीन.

नोटीस आली त्या संध्याकाळी ती मी बायकोपुढे ठेवली. मंजुळा अंगणवाडीत सेविका आहे, तपासणीवाले तिच्या दारातही येतात. तिनं कागद वाचला, घडी करून फ्रीजवर ठेवला आणि पुन्हा भाकरी थापायला बसली. मी वाट बघत होतो. काहीतरी धीराचं बोलेल असं वाटलं.

ती म्हणाली, "नोकरी गेली तर बघू काय करायचं ते. पण त्या दिवशी ती किल्ली खिशात घालून आला असतात ना, तर मी दार उघडलं नसतं."